रबराची बाग: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या पट्ट्यातून आणि वाळवा-पलूसच्या ऊसवाल्यांकडून रबराबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. कुणाला आपल्याच रानात लावायचे असते, कुणी दोडामार्गकडे जमीन बघून आलेले असते. उत्तरांतले मजुरीचे आणि भावाचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या दिवसाचा दर घालून गणित पुन्हा करा.

१. घरापुढे कुंडीत लावतो ते रबराचे झाड आणि हे रबर एकच का?

नाही. कुंडीतले रुंद, चकचकीत पानांचे झाड वडाच्या कुळातले, फायकस इलास्टिका. त्याच्या चिकातूनही रबर निघते, पूर्वी आसामात काढतही असत. आज बाजारात येणारे जवळपास सगळे नैसर्गिक रबर हेविया ब्राझिलिएन्सिस या झाडाचे. ते मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, कुळ एरंडाचे, आणि त्याच्या एका देठावर तीन पाने असतात. १८७६ मध्ये त्याचे बी लंडनला नेले आणि तिथून रोपे आशियात आली. भारतात व्यापारी लागवड केरळात थट्टेकाड येथे १९०२ मध्ये सुरू झाली.

२. सातारा-सांगलीत रबर येईल का? कोयनेला तर कोकणापेक्षा कमी पाऊस नाही.

व्यापारी पीक म्हणून नाही. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कधी पडतो, हे रबराला महत्त्वाचे. या झाडाला वर्षाला २,००० ते ३,००० मिलिमीटर पाऊस हवा, पण तो वर्षभर विभागून, शे-सव्वाशे दिवसांत पडलेला. कोयनानगरला त्याहून जास्त पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे नोव्हेंबरपासून मेपर्यंत रान कोरडे. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊस आणि एप्रिल-मेचा वळीव यांनी ही फट बुजते. आपल्याकडचा वळीव दोन-चार सरींत आटोपतो.

दुसरी अडचण उंचीची. रबर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आत चांगले, फार तर ४५०-५०० मीटरपर्यंत चालते. कराड आणि सांगली ही आपली नदीकाठची सखल गावेसुद्धा साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत, कोयना धरणाचे पाणी साडेसहाशेवर आणि महाबळेश्वर तेराशेच्या वर. उंचीबरोबर थंडी येते. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली राहू लागले की वाढ मंदावते, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १०-१२ अंशांवर येणे नवे नाही.

तिसरे, माती. रबराला किमान मीटरभर खोल, निचऱ्याची, आंबट जमीन लागते, सामू साडेचार ते सहा. कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीच्या रानात मुळे गुदमरतात. पाटण-शिराळ्याच्या पश्चिमेची तांबडी माती आंबट आहे हे खरे, पण उतारावर दोन फुटांखाली कातळ लागतो. माण, खटाव, जत, आटपाडीचा तर प्रश्नच येत नाही.

३. पण आमच्या ओळखीच्यांच्या बांधावर रबर जगलेले आहे. ते कसे?

जगते, नाही कोण म्हणतो? विहिरीकडेला, वाऱ्याच्या आडोशाला दोन-चार झाडे तगतात. जगणे वेगळे आणि चीक देणे वेगळे. टॅपिंगला (चीक काढायला सालीवर काप घेणे) झाड घेण्यासाठी खोडाचा घेर ५० सेंटीमीटर लागतो. केरळात तो सातव्या वर्षी येतो, कोरड्या-थंड भागात दहा-बारा वर्षेही पुरत नाहीत. बांधावरच्या झाडाला टेप लावा आणि त्याचे वय विचारा. तुमचे उत्तर तिथेच मिळेल.

४. आमच्याकडे उपसा सिंचन आहे. ठिबकवर रबर घेतले तर?

पाण्याची उणीव पाण्याने भरते, हे पालघर जिल्ह्यातल्या डापचरी येथील रबर संशोधन केंद्रात दिसले आहे. उत्तर कोकणचा उन्हाळा कोरडा, तिथे पाण्याविना रेंगाळणारी झाडे उन्हाळी पाण्यावर काही वर्षे लवकर टॅपिंगला आली. पण डापचरीला आपल्याएवढी उंची नाही. ठिबक थंडी घालवत नाही आणि काळी माती आंबटही करत नाही. आमचे स्पष्ट मत: ज्याच्याकडे उन्हाळ्यात रबराला पुरेल एवढे पाणी आहे, त्याने सात वर्षे बिनउत्पन्नाचे झाड सांभाळण्याऐवजी हळद, केळी किंवा ऊसच करावा.

५. मग महाराष्ट्रात रबर आहे कुठे?

सिंधुदुर्गात. मुख्यतः दोडामार्ग तालुक्यात, काही सावंतवाडीत. सुरुवातीच्या मोठ्या बागा केरळातून आलेल्या बागायतदारांनी उभ्या केल्या, नंतर स्थानिक काजूवाल्यांनीही थोडे थोडे लावले. आपल्याकडून बघायला जायचे तर कोल्हापूरमार्गे आंबोली घाट किंवा चंदगडकडून तिलारी घाट. जाल तेव्हा फेब्रुवारीत जाऊ नका. तेव्हा पानगळीने बाग ओकीबोकी असते आणि टॅपिंगही बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहाटे सहाच्या आत बागेत उभे राहा.

६. तिकडे जमीन घेताना काय बघायचे?

शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, त्यासाठी आपला सातबारा चालतो. खरे अडते ते घ्यायच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर. ‘वनसंज्ञा’, ‘खाजगी वन’, ‘आकारीपड’, ‘कबुलायतदार गावकर’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ यांपैकी काहीही दिसले तर पैसे देण्याआधी तहसीलमध्ये आणि वनखात्यात चौकशी करा. तिकडे एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदारांची नावे सहज असतात, अर्धे मुंबईत. दोघांच्या सह्यांवर झालेला व्यवहार पुढे वाटपाच्या दाव्यात अडकतो.

झाडी साफ करून रबर लावायचा बेत असेल तर तो आधीच सोडा. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याचा पट्टा असून तिथल्या वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाचे निर्बंध आहेत. शिवाय २००२ पासून त्या भागात कर्नाटकातून हत्ती येतात. केळीच्या आंतरपिकाचा बेत असेल तर हे आधी विचारात घ्या.

७. किती एकर असले म्हणजे परवडते?

एकरांपेक्षा टॅपर (काप घेणारा मजूर) किती झाडे उरकतो त्यावर हिशोब मांडा. एक टॅपर एका सकाळी साधारण ३०० झाडे करतो. एक झाड दर तिसऱ्या दिवशी कापायचे, म्हणजे बागेचे तीन भाग पाडून रोज एक. एका टॅपरला पूर्ण काम द्यायला ९०० झाडे लागतात. एकरी टॅपिंगजोगी १६० झाडे धरली तर झाले साडेपाच-सहा एकर.

आता एकच एकर घेऊ. १६० झाडे, वर्षाला १०० टॅपिंग, झाडामागे एका वेळी सरासरी २५ ग्रॅम कोरडे रबर: एकूण ४०० किलो. किलोला १८० रुपये मिळाले तर ७२,००० रुपये. टॅपिंगची मजुरी झाडामागे अडीच रुपये धरली तर १६,००० वेळा कापायचे ४०,००० रुपये. खत, औषध, रेनगार्ड (पावसात काप झाकणारे प्लास्टिक), चीक गोठवायचे आम्ल, शीट वाळवायचे सरपण वेगळे. आणि मुळात दीडशे झाडांसाठी पहाटे पाचला कोण येतो? म्हणून एक-दोन एकरवाल्याने शेजाऱ्यांबरोबर टॅपर वाटून घ्यावा, किंवा घरातल्या माणसाने केंद्र सरकारच्या रबर बोर्डाचे टॅपिंग प्रशिक्षण घ्यावे. साताऱ्यात राहून दोडामार्गची दोन एकर बाग फोनवर चालवता येत नाही.

८. लागवड कशी करतात? कोणती जात?

बियांची रोपे नको, डोळा भरलेलीच घ्या. पिशवीतले, पानांचे दोन-तीन थर पक्के झालेले रोप जून-जुलैत लावतात. खड्डा ७५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल. उतारावर समपातळीच्या रांगा, अंतर ६.७ बाय ३.४ मीटर. सपाटीला ४.९ बाय ४.९ मीटर. एकरी १७० ते १८० झाडे बसतात. डोळ्याचा जोड मातीच्या लगेच वर राहिला पाहिजे.

केरळात सर्वाधिक पसरलेली जात आरआरआयआय १०५. उत्पन्नाला चांगली, पण कोरडा उन्हाळा तिला सोसत नाही आणि कोरीनेस्पोरा बुरशीची पानगळही तिच्यावर लवकर येते. कोकणात आरआरआयएम ६०० किंवा आरआरआयआय ४३० बरी. रोपवाटिकेतून आणताना जातीची लेखी पावती घ्या. रोपावरून जात ओळखणे कठीण असते आणि चूक सात वर्षांनी कळते.

पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक मर होते. दक्षिण-पश्चिमेकडून झापांचा आडोसा आणि बुंध्याशी आच्छादन द्या. दुसऱ्या वर्षापासून खोडाला चुना फासायचा, नाहीतर उन्हाने साल भाजते, आणि भाजलेल्या सालीवर पुढे टॅपिंग होत नाही.

९. मधल्या जागेत हळद घेता येईल का?

पहिली तीन वर्षे येते. रोपापासून दीड मीटर जागा मोकळी सोडा. अननस आणि केळी तिकडे जास्त चालतात, कारण हळद काढताना कुदळीने रबराची वरवरची मुळे तुटतात. चौथ्या वर्षी सावली दाटते. त्याआधीच प्युरेरिया किंवा म्युकुना ब्रॅक्टियाटाचा वेल रांगांमध्ये पसरवला तर तण दबते, नत्र मिळते आणि माती वाहत नाही. वेल खोडावर चढू देऊ नका.

खतात ऊसवाल्याचा हात आवरावा लागतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. चालू टॅपिंगच्या रबराला सर्वसाधारण शिफारस नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी ३० किलो, तेही हेक्टरी.

१०. टॅपिंग कधी सुरू करायचे?

जोडापासून १२५ सेंटीमीटर उंचीवर घेर ५० सेंटीमीटर झालेली झाडे बागेत ७० टक्के झाली की. त्याआधी पैशाच्या निकडीने सुरुवात केली तर झाडाची जाडी वाढणेच थांबते आणि ते कायमचे कमी देते.

११. काप नेमका कसा घेतात? आमचा माणूस ताडी-माडी काढणारा आहे, त्याला जमेल ना?

हात तयार असला तर लवकर शिकेल, पण कामाची रीत वेगळी. इथे खोडात शिरायचे नसते, सालीतच थांबायचे असते.

चीक वाहणाऱ्या नळ्या सालीच्या आतल्या मऊ थरात दाटीने असतात. त्याच्या आत लाकूड आणि साल यांच्यामध्ये वाढीचा पातळ पापुद्रा असतो. काप या पापुद्र्यापासून एक मिलिमीटर अलीकडे थांबला पाहिजे. फार वर राहिला तर चीक निम्मा येतो. पापुद्र्याला लागला तर तिथे नवी साल गाठी-गाठींची येते, आणि दोन्ही बाजू संपून त्याच जागी पुन्हा कापायची वेळ येते तेव्हा सुरी चालत नाही. बाग विकत घेताना चुना, चिखल खरवडून खोडावर तळहात फिरवा. साल गुळगुळीत लागली तर टॅपर चांगला होता. गाठी लागल्या तर बागेचे निम्मे आयुष्य आधीच संपले आहे.

काप खोडाच्या अर्ध्या घेराला, डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, ३० अंशांच्या उतारात. उलट घेतला तर कमी नळ्या तुटतात, कारण त्या किंचित उजवीकडे कललेल्या असतात. उतार आणि खुणा डोळ्याने धरू नका, पत्र्याचा साचा आणि दोरी वापरा. दर वेळी दीड ते पावणेदोन मिलिमीटर साल जाते. वर्षाला शंभर टॅपिंग म्हणजे १५ ते १७-१८ सेंटीमीटर, म्हणजे एक बाजू सात-आठ वर्षे पुरते, मग दुसरी.

वेळ उजाडण्याआधीची. पहाटे झाडात पाणी भरलेले असते, चीक जोरात येतो. ऊन चढले की धार थेंबावर येते. टॅपर आधी कापावरची मागच्या वेळची सुकलेली रबराची पट्टी ओढून टोपलीत टाकतो (ती भंगार म्हणून वेगळी विकतात), मग काप घेतो, पत्र्याच्या पन्हळीखाली करवंटी किंवा कप लावतो आणि पुढच्या झाडाकडे जातो. दोन-तीन तासांनी चीक गोळा करायचा. दुपारपर्यंत ठेवला तर कपातच गोठतो.

१२. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात टॅपिंग बंद ठेवायचे का?

ओल्या सालीवर काप घेतला तर चीक पावसाबरोबर वाहून जातो आणि काप कुजतो. त्यासाठी कापाच्या वर डांबरी लेपाने प्लास्टिकचा घेर चिकटवतात, तो रेनगार्ड. मेच्या अखेरीस कोरड्या सालीवर लावला तरच टिकतो. कोकणच्या पावसात रेनगार्ड असूनही बरेच दिवस बुडतात, काही जण जुलै-ऑगस्ट सरळ बंद ठेवतात.

पावसाळ्यात फायटॉप्थोरा बुरशीने हिरवी पाने गळतात. तांब्याची फवारणी पावसाआधी झाली पाहिजे. पाने गळू लागल्यावर फवारून उपयोग नाही. कोवळ्या बागेत फांद्यांच्या बेचक्यात गुलाबी बुरशी येते, तिथे बोर्डो पेस्ट लावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी पानगळ, मग नवी पालवी. पालवी पक्की होईपर्यंत झाडाला सुट्टी द्या. याच काळात खाली सुक्या पाल्याचा थर असतो, म्हणून जानेवारीतच बागेभोवती तीन मीटरचा जाळपट्टा साफ करा. वणवा एकदा शिरला की भाजलेल्या सालीचे झाड पुन्हा टॅपिंगला येत नाही.

१३. काही झाडे अचानक चीक द्यायची थांबली. औषध आहे का?

नाही. काप कोरडा पडणे हे बहुतेक वेळा अति टॅपिंगचे फळ असते: भाव चढला म्हणून रोज कापणे, किंवा चीक वाढवणारे इथेफॉन जास्त वेळा फासणे. ते झाड काही महिने बंद ठेवा, मग दुसऱ्या बाजूला, खालच्या निरोग्या सालीवर हलका काप घेऊन बघा. शंभरात दोन-चार झाडे अशी असतातच. संख्या वाढत असेल तर तिसऱ्या दिवसावरून चौथ्या दिवसावर या.

१४. चिकाची शीट घरी करता येते का?

येते, आणि छोट्या बागेला तेच सोयीचे. शीट म्हणजे चीक गोठवून, लाटून, धुरात वाळवलेला रबराचा पातळ तक्ता. चिकात ३० ते ४० टक्के कोरडे रबर असते. तो गाळून पाणी घालून साडेबारा टक्क्यांवर आणायचा. चीक ३५ टक्क्यांचा असेल तर लिटरला पावणेदोन लिटरच्या थोडे वर पाणी. एका ट्रेमध्ये असे चार लिटर, म्हणजे अर्धा किलो रबर. त्यात सुमारे २ मिली फॉर्मिक आम्ल पाण्यात भरपूर पातळ करून ढवळायचे, वरचा फेस काढायचा. फेस राहिला तर शीटमध्ये बुडबुडे दिसतात. आम्ल नेहमी पाण्यात घाला, हातमोजे घाला.

दुसऱ्या दिवशी गोठलेला गोळा साध्या रोलरमधून तीन मिलिमीटरपर्यंत आणायचा, मग खाचांच्या रोलरमधून काढायचा. धुऊन सावलीत पाणी निथळले की धुराच्या खोलीत ४० ते ६० अंशांवर चार-पाच दिवस. आच ६० च्या वर गेली तर शीट फुगते आणि चिकट होते. कमी वाळली तर आत पांढरे डाग राहतात आणि प्रत घसरते. तांब्या-पितळेचे भांडे चिकाला लावू नका, तांब्याच्या अंशाने रबर लवकर सडते.

१५. बागेमुळे शेजारच्या गावाला त्रास होतो का? गुरे, विहिरी, डास?

तक्रारी बहुतेक निष्काळजीपणाच्या असतात. रबराच्या कच्च्या बियांत आणि पाल्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात, म्हणून शेळ्या बागेत सोडू नका. चिकाचे उघडे भांडेही त्यांच्यापासून दूर ठेवा. टॅपिंग बंद असताना कप उपडे घातले नाहीत तर प्रत्येक कपात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. केरळात याचीच मोठी डोकेदुखी आहे. शीटचे आंबट पाणी ओढ्यात सोडले की वास सुटतो आणि मासे मरतात. त्यासाठी विहिरीपासून लांब खड्डे घ्या.

विहीर आटते का? रबर पाणी पिते, विशेषतः मार्च-एप्रिलच्या नव्या पालवीला. डोंगरउतारावर सगळेच रबर झाले आणि झऱ्याच्या डोक्यावरची झाडी गेली तर गावाला फरक जाणवणारच. झऱ्याच्या वरची राई तशीच ठेवा.

१६. आम्ही जावळी-महाबळेश्वरकडचे मधपाळ. रबराच्या बागेत पेट्या नेऊन फायदा आहे का?

आहे, आणि साताऱ्याच्या माणसाला रबरातून सर्वात लवकर मिळणारा पैसा हाच. फुलांवर अवलंबून राहावे लागत नाही. नव्या पालवीत तीन पाने जिथे देठाला जुळतात तिथल्या ग्रंथींतून मधुरस झरतो. हंगाम फेब्रुवारी-मार्च. सातेरीच्या पेट्या पालवी फुटायच्या थोड्या आधी नेऊन बसवा. बागमालकाला आधी विचारा की भुरीसाठी गंधक धुरळणार का आणि कधी. मधुरस संपला की बागेत माशांना खायला फारसे नसते, साखरेचा पाक द्यावा लागतो किंवा पेट्या हलवाव्या लागतात. २०२२ मध्ये मधाचे गाव झालेल्या मांघरसारख्या ठिकाणच्या अनुभवी मधपाळांना बरोबर घेतले तर स्थलांतराचा खर्च वाटला जातो.

१७. भाव टिकतो का?

नाही. २०११ मध्ये किलोला २४० च्या आसपास गेलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला शंभरच्या खाली आला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा २४० ओलांडून गेला. प्रश्न ७ च्या गणितात १८० ऐवजी १०० घालून बघा: येणारे ४०,००० सगळे मजुरीतच. अशा वर्षी केरळातही बागा न कापता सोडून दिल्या जातात. उसासारखा ठरलेला दर इथे नाही. घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे रबर बोर्डाचा परवाना आहे का ते बघा, आणि शीटची प्रत (आरएसएस, म्हणजे धुरात वाळवलेली खाचांची शीट, १ ते ५) त्याच्यासमोर ठरवून घ्या.

१८. एक कंपनी रबराच्या बागेत गुंठ्यावर हिस्सा देते, दहा वर्षांत चौपट म्हणते. घ्यावा का?

लोकांकडून पैसे गोळा करून सामाईक बाग चालवणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. १९९९ पासून तसे नियम आहेत, आणि ते सागाच्या योजनांत लोक बुडाल्यावरच आले. नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत दिसला नाही तर पुढे बोलूच नका. दिसला तरी सर्व्हे नंबर मागा आणि झाडांचा घेर स्वतः मोजून या.

१९. जुनी झाडे तोडून लाकूड विकता येते का?

येते. पंचवीस-तीस वर्षांनी चीक परवडेनासा झाला की शेवटची दोन-तीन वर्षे जोरात टॅपिंग करून झाडे काढतात. लाकूड प्लायवूड, पॅकिंग आणि फर्निचरला जाते. तोडण्याआधी वनखात्याची परवानगी आणि वाहतूक परवाना कोणता लागतो ते लेखी घ्या, कारण प्रश्न ६ मधले निर्बंध इथेही आडवे येऊ शकतात. आणि गिऱ्हाईक ठरल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. ओल्या रबराच्या लाकडावर काही दिवसांतच निळी बुरशी आणि भुंगा पडतो, बोरॅक्सची प्रक्रिया लगेच झाली नाही तर ते सरपणाच्या भावाने जाते.